ऑरेंजचं घर

तुम्ही शेवटचे पंगतीत जेवलात तेव्हा तुमच्या शेजारी कोण बसलं होतं, आणि ती जागा कोणी ठरवली होती? घाईनं उत्तर देऊ नका. ‘कोणी ठरवली नव्हती, सहज बसलो’ असं म्हणाल तर मी विश्वास ठेवणार नाही. सहज कोणी बसत नाही. आपण आत शिरतो, डोळे फिरवतो, आपल्यासारखा माणूस शोधतो आणि त्याच्या शेजारी मांडी घालतो. मीही तेच करत आले होते. या सवयीची लाज मला तायडे मॅडमनी वाटायला लावली. त्यासाठी त्यांनी भाषण केलं नाही. कॅट, बॅट आणि रॅट एवढे तीन शब्द त्यांना पुरले.

चांदूर बाजारपासून आत, संत्र्याच्या बागांमध्ये एक गाव आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही ‘त्या गावात असं आहे’ म्हणून मोकळे व्हाल. तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेत मी एका वर्षासाठी मानधनावर लागले होते. पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात पोचले तेव्हा आत पोरं दोन ओळींत समोरासमोर मांडी घालून बसली होती आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेली, सुती साडीतली एक ठेंगणी बाई हातात वरणाची पळी घेऊन ओळींमधून फिरत होती. मला वाटलं, खिचडीची वेळ झाली. मी बाहेरच थांबले. आतून आवाज आला, “काय वं, जेवाले आली का शिकवाले? आत ये. इथी सध्या शब्द वाढून राह्यली मी.”

ह्या तायडे मॅडम, आणि ही होती त्यांची यमकाची पंगत. प्रत्येक पोराच्या हातात एक कागद, त्यावर एक इंग्रजी शब्द. आपला शब्द मोठ्यानं म्हणायचा, दुसऱ्यांचे ऐकायचे, आणि ज्यांचा शेवट आपल्यासारखा वाजतो त्यांच्या ओळीत जाऊन बसायचं. कॅट, बॅट, रॅट, मॅट एका ओळीत. पेन, टेन, हेन, मेन दुसऱ्या. सगळे बरोबर बसले की मॅडम पळीनं स्टीलच्या डब्यावर टण्कन वाजवत आणि प्रत्येकाला एक नवा शब्द वाढत. कोणी कागदाकडे बघून अक्षरं जुळवायला लागलं की ओरडत, “डोये मिटा, कान उघडा! यमक डोयानं दिसत नाही. तुमची माय तुमाले हाक मारते तवा स्पेलिंग पाह्यता का?”

कागद कोरा विकत आणायची चैन नव्हती. मॅडम लग्नपत्रिका जमवत. त्यामुळे एका बाजूला ‘फॅन’ आणि दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी मामाचं नाव असे. मी आल्यावर त्यांना नवा साठा मिळाला. आमच्या अकोल्याच्या घरात चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे धान्याच्या कोठीपेक्षा उंच होते. वडील छापून आणायचे, आई चौकात वाटायची, आणि मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. पुढे मीही लिहायला लागले. शाळेत येताना माझं ताजं पत्रक सोबत आणलं होतं, इंग्रजीच्या गुलामीविरुद्ध. मॅडमना मोठ्या अभिमानानं एक गठ्ठा दिला. त्यांनी दोन्ही बाजू नीट पाहिल्या.

“कागद बरा आहे,” त्या म्हणाल्या. “एका बाजूनं कोरा आहे. थे बाजू मले लय आवडली.”

दुसऱ्या दिवशी माझ्या क्रांतीचे आठ-आठ तुकडे झाले होते आणि त्यांच्या पाठीवर सन, रन, फन, बन लिहिलेलं होतं. मी चिडले. म्हटलं, मॅडम, या भाषेनंच आपल्या पोरांना न्यूनगंड दिला. त्या कात्री पुसत म्हणाल्या, “देल्ला असन. पण कॉन्व्हेंटचं पोट्टं फाडफाड बोलते आणि आपलं पोट्टं खाली मान घालते, तवा तुह्यं पत्रक त्याच्या कामी येत नाही. शब्द येते.” मग जरा थांबून, “आणि तुह्या घोषणा लोकाईच्या ध्यानात काहून राह्यत नाहीत, माहीत आहे? यमक नाही त्याईत.”

एकदा अमरावतीला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. तिथल्या तज्ज्ञ साहेबांनी फळ्यावर कॅट, बॅट, डॉग, रॅट लिहिलं आणि सांगितलं, मुलांना विचारा, यातला वेगळा कोणता, आणि त्यावर काट मारायला लावा. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. तायडे मॅडम उभ्या राहिल्या. “साहेब, ह्या डॉगनं कोणाचं काय बिघडवलं?”

साहेब हसले. “मॅडम, तो यमकात बसत नाही.”

“ह्या घरात बसत नाही. त्याचं घर दुसरं आहे. लॉग आहे, फॉग आहे, फ्रॉग आहे. काट कायले मारता? लहानपणी माह्या नावावर लय काटा पाह्यल्या मी.”

मी जोरात टाळ्या वाजवल्या आणि सगळा हॉल मॅडमकडे वळून बघायला लागला. साहेबांनी चष्मा पुसला आणि चहाची सुट्टी जाहीर केली. परतीच्या एसटीत मी म्हटलं, मॅडम, काय जबरदस्त बोललात! त्या म्हणाल्या, “चूप बस. चहासंगं बिस्किटं होती, तुह्या टाळ्याईपायी मले घेता नाही आली.” पण दुसऱ्या दिवसापासून वर्गात एक नियम घोषणेसारखा घुमायला लागला. मॅडम विचारत, “नियम काय?” आणि पोरं छप्पर उडेल अशी ओरडत, “बाहेर काढाचं नाही! घर शोधाचं!”

या नियमाला फक्त एक शब्द पुरून उरला होता. संत्र्याच्या गावातली पोरं. त्यांनी पहिल्याच आठवड्यात ‘ऑरेंज’ आणला होता. त्याला यमक मिळेना. मॅडमनी स्वतः डिक्शनरी चाळली. मिळालं नाही. मग त्यांनी तो कागद फळ्याशेजारच्या खिळ्याला अडकवला आणि सांगितलं, “ह्याचं घर अजून सापडलं नाही. सापडलं का सांगा.” पोरं रोज काहीतरी आणत. तिसरीतल्या सोहमनं ‘पोरेंज’ आणला. मॅडमनी अर्थ विचारला. “ज्याचे पोट्टे लय आहेत, थो पोरेंज.” मॅडम म्हणाल्या, “डिक्शनरीत नाही, पण गावात आहे. विचार करू.”

हा सोहम म्हणजे शाळा समितीच्या अध्यक्षांचा, बापुसाहेबांचा नातू. आणि इथून गोष्ट हसण्यावारी राहत नाही.

मॅडम या गावात यायच्या आधी पोरं ‘आपापल्या जागी’ बसत. आपापली जागा म्हणजे काय, हे गावात कोणी कोणाला विचारत नसे. देवळाकडच्या घरांची पोरं खिडकीशी, वाऱ्याला. बौद्धपुऱ्यातली आणि मजुरी करणाऱ्यांची दाराशी, चपलांजवळ. खिचडीच्या वेळीही तेच. यमकानं ही मांडणी रोज सकाळी मोडायला सुरुवात केली. सोमवारी सोहम मॅट, तर पायल रॅट. दोघं एका ओळीत. पायल ही रुखमाबाईची नात. आईबाप कामाला परगावी, घरात आजी आणि ही. रुखमाबाई बापुसाहेबांच्याच बागेत संत्रा तोडायला जाई.

एक दिवस बापुसाहेब शाळेत आले. उंच, पांढरे कडक कपडे, मिशीला पीळ. खुर्चीवर बसले, पण टेकले नाहीत. “मॅडम, तुमचं शिकवणं चांगलं आहे. पोट्टं घरी बोकडाले गोट म्हणते, पावसात होडी सोडते तिले बोट म्हणते. पण पोराईले आपापल्या जागी बसू द्या. घरची मंडळी बोलून राह्यली. उवा होतात म्हणे.”

“उवा सोहमच्या डोक्यात आहेत, बापुसाहेब,” मॅडम म्हणाल्या. “पायलच्या डोक्यात नाहीत. मी रोज पाह्यते.”

बापुसाहेबांनी मिशीवरचा हात काढला. “मंग दाखला द्या. सोहमचा, आणि आमच्याकडच्या सहाईचा. कॉन्व्हेंटची गाडी गावात याले तयार आहे.”

सात दाखले म्हणजे काय, ते मॅडमना माहीत होतं. पट आधीच घसरलेला. सात पोरं गेली की शाळेला कुलूप, आणि उरलेल्यांनी चार किलोमीटर दूरच्या शाळेत जायचं, डांबरी रस्त्यानं, ट्रकांच्या कडेनं. पायल गेली नसती. रुखमाबाईनं तसं सांगितलंच होतं: “शाया गेली त पोरगी घरीच राहीन, मॅडम. मी बागेत जाऊ का हिले पोचवाले जाऊ?”

मी त्या रात्री चार पानांचं पत्रक लिहिलं. बापुसाहेबांची सालटी काढली. सकाळी मॅडमना वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. “छान आहे. बापुसाहेब वाचतीन, चिडतीन, दाखले आजच नेतीन. फाडू नको. मागची बाजू ठेव.” आणि त्यांनी बापुसाहेबांना निरोप धाडला: दाखले तयार ठेवते, शनिवारी पालकसभा आहे, सगळ्या गावाला रोडग्यांचं जेवण आहे, आधी जेवा, मग दाखले न्या. वऱ्हाडात रोडग्यांचं निमंत्रण कोणी मोडत नाही.

शनिवारी शाळेच्या मागे गोवऱ्या पेटून निखाऱ्यांचा आर झाला, त्यात कणकेचे गोळे भाजायला पडले, वांग्याची भाजी रटरटली, वरणाला फोडणी बसली. वास गावभर गेला आणि गाव वासामागे आलं. दारातच प्रत्येकाच्या हातात शब्दाचा कागद द्यायचा होता. नियम पोरांचाच, आज आईबापांना लागू: यमकाच्या ओळीत बसायचं, आणि शेवटचा माणूस बरोबर बसल्याशिवाय कोणाच्याही पानात काही पडणार नाही.

कागद पिसून डब्यात टाकले होते, ज्यानं त्यानं हात घालून घ्यायचा. डब्याशी मी होते. आणि आता जे केलं ते सांगते, कारण दुसऱ्याची सालटी काढणाऱ्यानं आपलीही काढावी. बापुसाहेब आले तेव्हा मी डबा पुढे केला नाही. सकाळीच खिळ्यावरून काढून ओढणीत दडवलेला ‘ऑरेंज’ त्यांच्या हातात ठेवला. आयुष्यभर लोकांना जागा दाखवणाऱ्या माणसाला एक दिवस जागा मिळू नये, असं माझं साधं गणित होतं.

“ऑरेंज!” सोहमनं वाचून दाखवलं. बापुसाहेब खूश. “वा! पोरीनं माणूस बरोबर ओयखला. माह्याच बागेचा माल!” त्यांनी तो कागद चार जणांना दाखवला.

मग जी धमाल उडाली ती सांगता येत नाही. मोठी माणसं कागद हातात घेऊन नेहमीच्या ठिकाणी जाऊन बसली. देवळाकडचे खिडकीशी, मजूर दाराशी. सवयच ती. आणि पोरं त्यांना ओढून उठवायला लागली. “मामी, तू सन आहे, थो काका रन आहे, तिकडं बस!” सरपंच बॅट निघाले आणि रॅट म्हणून त्यांच्या शेजारी पोलीस पाटील आले, दोघं निवडणुकीपासून बोलत नव्हते. एक आजी ‘फॉग’ हातात घेऊन सगळ्यांना विचारत होती, “माह्यं कोण आहे वं बाई, माह्यं कोण आहे?” मला पेन आलं. मी जाऊन बसले तर शेजारी रुखमाबाई. तिला हेन. “म्हणजे काय?” तिनं विचारलं. पायल म्हणाली, “कोंबडी, आजी.” रुखमाबाई म्हणाली, “बरं झालं. कोंबडा असती त कापली असती.”

हळूहळू ओळी लागल्या. पळ्या सरसावल्या. आणि सगळ्या खोलीत एकच माणूस उभा राहिला. बापुसाहेब एका ओळीशी गेले, “ऑरेंज,” म्हणाले. पोरांनी मान हलवली. दुसरीशी गेले. पुन्हा मान हलली. आवाज प्रत्येक वेळी थोडा लहान होत गेला. शेवटी ते दाराशी, चपलांजवळ, कागद धरून उभे राहिले आणि मिशीला हात लावायचंही विसरले. मला हेच बघायचं होतं. मी बघितलं, आणि माझ्या पेनच्या कागदाच्या घड्या घालत बसले.

मॅडमनी फळ्याशेजारच्या खिळ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “अकोलेवाले, खिया मोकया दिसून राह्यला.” मी मान खाली घातली. पहिल्यांदाच.

“मॅडम, मले दुसरा कागद द्या,” बापुसाहेब म्हणाले.

“कागद बदलता येत नाही, बापुसाहेब. पोरं कधी बदलून मागत नाहीत.” मग त्या वर्गाकडे वळल्या. “पोट्टेहो, नियम काय?”

“बाहेर काढाचं नाही! घर शोधाचं!”

“पण ऑरेंजले घरच नाही ना, मॅडम,” सोहम रडवेला होऊन म्हणाला. आजोबांची भूक त्याला दिसत होती.

पायलनं हात वर केला. “मॅडम, ज्याले घर नाही थो पाहुणा. पाहुणा कोणाच्याही घरी बसते. फक्त कोणी बोलावलं पाह्यजे.”

मॅडमनी पळी खाली ठेवली. “हं. कोण बोलावते?”

कोणी बोलावेना. एरवी खिडकीशी बसणाऱ्यांना वाटलं, आपण बोलावलं तर नियम मोडेल. एरवी दाराशी बसणाऱ्यांना वाटलं, आपण कसं बोलावणार? वरणावर साय धरायला लागली. आणि माझ्या शेजारून आवाज आला.

“या इकडं, बापुसाहेब.” रुखमाबाई सरकून जागा करत होती. “लय वर्षं तुमच्या बांधावर बसून जेवली मी. आज तुमी आमच्या ओयीत जेवा. कोंबडी बोलावून राह्यली, नाही म्हणू नका.”

आधी एक पोरगं हसलं, मग ओळ हसली, मग सगळी खोली. बापुसाहेब हसले नाहीत. पण आले. रुखमाबाईच्या आणि माझ्या मध्ये, मांडी घालून, गुडघा मोडताना ‘आई गं’ म्हणत बसले. मॅडमची पळी डब्यावर वाजली. रोडगा कुस्करताना बापुसाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, “थे पत्रकं तूच लिवते ना? भाषा कडक आहे. पण वाचता वाचता झोप येते.” मग पलीकडे वळून रुखमाबाईला, “वरण थंड झालं.”

“तुमच्यापायीच झालं,” ती म्हणाली. आणि त्यावर बापुसाहेबांनी पुन्हा वरण मागितलं.

जेवण झाल्यावर मॅडम दाखल्यांचं बुक घेऊन हात धुण्याच्या जागी उभ्या. “किती लिहू?” बापुसाहेबांनी खिसे चाचपले, चष्मा सापडला नाही असं सांगितलं, आणि म्हणाले, “आज राहू द्या. उद्या पाहू.” तो उद्या आला नाही. खोटं कशाला सांगू, त्या सातांतली दोन पोरं पुढच्या जूनमध्ये कॉन्व्हेंटच्या गाडीत बसलीच. बापुसाहेब बदलले असंही मी म्हणणार नाही. कोणी विचारलं तर ते सांगत, त्या दिवशी भूक लागली होती. पण सोहम राहिला, शाळा राहिली, आणि पायल आज माझ्या पत्रकांतल्या चुका काढण्याइतकी मोठी झाली आहे.

मला मात्र मॅडमनी सोडलं नाही. भांडी घासताना म्हणाल्या, “तू त्याईले बाहेर काढाले निघाली होती. त्याईनं पोराईले काढलं, तू त्याईले. मंग तुह्यात न् त्याईच्यात यमक जुयलं ना, बाई.” पुढचं पातेलं त्यांनी मला घासायला दिलं. ते बुडाला चांगलंच लागलेलं होतं.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाला गावानं शाल दिली, भाषणं दिली. शेवटी बापुसाहेब उठले आणि सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला, तेलकट झालेला कागद काढला. ‘ऑरेंज’. “हा माह्यापाशीच राह्यला होता,” ते म्हणाले. “तुमी आता अकोल्यात फ्लॅटात राहाले चालल्या. तिथी कोण ओयखीचं? तुमाले लागन हा.” मॅडमनी कागद घेतला, शाल बाजूला ठेवली, आणि तो पदराच्या टोकाला बांधला.

गेल्या महिन्यात त्यांना भेटायला गेले. तिसरा मजला, एका ओळीत सारखी बंद दारं. एकाच दारावर नावाची पाटी नव्हती. तिथं तो तेलकट कागद चिकटवलेला होता. आत गेले तर चार बायका सोफ्यावर बसून चहा पीत होत्या. “ह्या शेजारच्या,” मॅडम म्हणाल्या. “पह्यले तीन महिने कोणाचं दार उघडलं नाही. मंग हा कागद लावला. एक एक जण येऊन विचाराले लागली, संत्रे कसे किलो देता? मी म्हटलं, संत्रे नाहीत बाप्पा, पण चहा आहे.” चौघी हसल्या. एकीनं सरकून मला जागा दिली. वर्गातली ती वरणाची पळी टीपॉयवर होती.

म्हणून आता तुम्हाला एक काम सांगते. तुमच्या घरी, गल्लीत, कार्यालयात पुढची पंगत बसेल तेव्हा कुठल्याही जुन्या पत्रिकेच्या मागे शब्द लिहा, पिसा, आणि सगळ्यांच्या हातात द्या. माझं एखादं पत्रक तुमच्यापर्यंत आलं असेल तर तेच फाडा, मागची बाजू कोरी आहे. ‘ऑरेंज’ त्यात नक्की घाला. आणि ज्याच्या हातात तो येईल तो माणूस दाराशी, चपलांजवळ उभा राहिला, की दुसरं कोणी बोलावेल म्हणून थांबू नका. वरण थंड होतं. सरका, जागा करा, आणि त्याला हाक मारा.